सरासरी वेगाच्या प्रश्नांतील माहितीची पर्याप्तता

१. प्रश्नाचे स्वरूप

गणितातील सर्वसामान्य प्रश्नात उत्तर काढावयाचे असते. माहिती-पर्याप्ततेच्या प्रश्नात उत्तर निश्चित होते की नाही, एवढाच निर्णय द्यावयाचा असतो. प्रथम एक प्रश्न मांडलेला असतो व त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. केवळ पहिले विधान पुरेसे आहे. केवळ दुसरे पुरेसे आहे. दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी होतात. दोहोंपैकी कोणतेही एक पुरते. अथवा दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, अशा पाच पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेच्या गणित विभागात हा प्रकार १९५९ पासून १९७४ पर्यंत प्रचारात होता. व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'जीमॅट' परीक्षेत तो अद्याप टिकून आहे. मात्र २०२३ साली त्या परीक्षेची पुनर्रचना झाली, तेव्हा संख्यात्मक विभागातून काढून तो माहितीच्या आकलनाची पारख करणाऱ्या विभागात घालण्यात आला. हे स्थलांतर अर्थपूर्ण आहे. या प्रश्नांत आकडेमोडीचे कौशल्य गौण असून दिलेल्या माहितीतून काय निष्पन्न होते व काय होत नाही याची जाण प्रमुख असते, ही गोष्ट त्यातून मान्य झाली.

या विचाराचे बीज परीक्षांच्या बाहेर शोधावे लागते. जॉर्ज पोल्या यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या ग्रंथात, कोणताही प्रश्न सोडविण्यास आरंभ करतानाच एक पृच्छा करण्याचा उपदेश आहे. दिलेल्या अटी अज्ञात राशी निश्चित करण्यास पुरतात, उण्या पडतात, अधिक होतात, की परस्परविरुद्ध आहेत, ही ती पृच्छा होय. या चारही शक्यता ज्या एका विषयात सहज दाखविता येतात तो विषय म्हणजे सरासरी वेग. येथे अंतर, काल व वेग या तीनच राशी असतात, त्यांचा परस्परसंबंध शाळेतच परिचित झालेला असतो, आणि तरीही पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी पर्याप्ततेचा निर्णय देताना वारंवार चुकतो. चूक बहुधा दोन प्रकारची असते. 'अंतर दिलेले नाही, म्हणून उत्तर निघणार नाही' ही पहिली, आणि 'अज्ञाते दोन, समीकरणे दोन, म्हणून उत्तर निघेलच' ही दुसरी. दोन्हींचे मूळ एकच आहे. माहितीने कोणती राशी मोकळी सोडली आणि विचारलेली राशी त्या मोकळीकीवर अवलंबून आहे काय, हे न पाहता केवळ माहितीचे परिमाण मोजले जाते.

२. पर्याप्ततेची व्याख्या

प्रश्नात वर्णिलेल्या अटींशी सुसंगत असे जे जे प्रवास संभवतात, त्या सर्वांचा एक संच कल्पावा. एखादे विधान स्वीकारले म्हणजे त्या संचातील काही प्रवास गळतात व काही शिल्लक राहतात. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक प्रवासात विचारलेल्या राशीचे मूल्य एकच येत असेल, तर ते विधान पर्याप्त होय. दोन प्रवासांत जरी ते भिन्न आले, तरी ते अपर्याप्त होय. शिल्लक संचात प्रवास एकच उरला पाहिजे, असे ही व्याख्या म्हणत नाही. ते असंख्य असू शकतात. विचारलेली राशी त्या सर्वांत समान असली म्हणजे झाले.

या व्याख्येतून सिद्धतेच्या पद्धतीत एक विषमता उद्भवते. अपर्याप्तता दाखविण्यास दोन साक्षीदार पुरतात, म्हणजे विधानाशी सुसंगत परंतु भिन्न उत्तरे देणारे दोन प्रवास. पर्याप्तता दाखविण्यास मात्र उदाहरणे कितीही दिली तरी अपुरीच. तेथे सर्व प्रवासांना लागू पडणारा युक्तिवाद हवा. चार उदाहरणांत उत्तर समान आले म्हणून विधान पुरेसे ठरविणे हा अनुमानातील दोष आहे, कारण पाचवे उदाहरण वेगळे निघू शकते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. प्रश्न 'होय' की 'नाही' अशा स्वरूपाचा असेल, तर निश्चित 'नाही' हेही निश्चित उत्तरच होय; विधानाने होकार दिला नाही म्हणून ते अपर्याप्त ठरत नाही. दुसरे असे की, दुसऱ्या विधानाचा स्वतंत्र विचार करताना पहिल्यातील माहिती मनातून पूर्णपणे दूर सारली पाहिजे. पहिल्या विधानातील एखादा आकडा नकळत दुसऱ्याच्या विचारात शिरतो आणि अपुरे विधान पुरेसे भासू लागते. विधाने परस्परांशी सुसंगत असतात असे अशा परीक्षांत गृहीत असते. परंतु एकातील माहिती दुसऱ्यात अंतर्भूत असते असे मात्र गृहीत नसते.

३. सरासरी वेगाची घडण

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतराला एकूण कालाने भागून येणारी राशी. प्रवासाचे दोन टप्पे असून त्यांची अंतरे अ१ व अ२, त्यांस लागलेले काल क१ व क२, आणि टप्प्यांवरील वेग व१ व व२ असतील, तर सरासरी वेग

स = (अ१ + अ२) ÷ (क१ + क२)

असा येतो. अंतराच्या जागी वेग व काल यांचा गुणाकार लिहिला असता स हा व१ व व२ यांचा क१ व क२ या भारांनी घेतलेला समांतर मध्य आहे असे दिसते. उलटपक्षी, कालाच्या जागी अंतर भागिले वेग लिहिले असता तोच स हा अ१ व अ२ या भारांनी घेतलेला हरात्मक मध्य ठरतो. राशी एकच, भार कालाचे घेतले तर मध्य समांतर आणि भार अंतराचे घेतले तर मध्य हरात्मक. यावरून दोन्ही टप्प्यांचे वेग ज्ञात असता आणखी कोणती माहिती हवी, हे तत्काळ कळते. भारांचे गुणोत्तर तेवढे हवे. भार स्वतः नकोत. दोन टप्प्यांसाठी एक गुणोत्तर, तीन टप्प्यांसाठी दोन, आणि सामान्यतः टप्प्यांच्या संख्येहून एकाने कमी इतकी गुणोत्तरे लागतात. वेग सर्व टप्प्यांवर समान असतील तर एकही लागत नाही.

मुंबई–पुणे लोहमार्गाच्या उदाहरणाने हे अधिक विशद होईल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे १९२ किलोमीटर आहे. त्यापैकी कर्जतपर्यंतचा भाग १०० किलोमीटर, कर्जतपासून भोर घाट चढून लोणावळ्यापर्यंतचा २८, आणि तेथून पुण्यापर्यंतचा ६४ किलोमीटर भरतो. केवळ विवेचनासाठी असे गृहीत धरावे की एखादी गाडी या तीन भागांवर अनुक्रमे ताशी ७५, ३५ व ६० किलोमीटर वेगाने गेली व वाटेत कोठेही थांबली नाही. तीन भागांस अनुक्रमे ८०, ४८ व ६४ मिनिटे लागतील. एकूण १९२ मिनिटांत १९२ किलोमीटर तोडले, म्हणून सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर. तीन वेगांची साधी सरासरी ५६.७ येते. अंतरांचे भार देऊन समांतर मध्य घेतला तर तो ६४.२ येतो. पहिल्या रीतीत भारांकडे दुर्लक्ष झाले. दुसऱ्या रीतीत भार अंतराचे असता मध्य मात्र कालाच्या भारांना शोभणारा घेतला गेला. दोन्ही रीती सदोष आहेत, पण एक उत्तर खऱ्याहून लहान व दुसरे मोठे आले, यावरून दोषाची दिशाही अगोदर सांगता येत नाही हे दिसते.

आता हाच प्रश्न पर्याप्ततेच्या भाषेत मांडावा. तीन भागांचे वेग सांगून 'सरासरी वेग किती?' असे विचारले आणि विधान एवढेच केले की भागांच्या लांबीचे गुणोत्तर २५ : ७ : १६ आहे, तर ते पर्याप्त होय, १९२ हा आकडा ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. याउलट, 'एकूण अंतर १९२ किलोमीटर आहे' एवढेच विधान केले, तर ते अपर्याप्त होय. कारण घाटाचा भाग वाढवून इतर भाग तेवढ्याने कमी केला की सरासरी बदलते. ज्या आकड्याचा अभाव विद्यार्थ्यास प्रथम खटकतो तो येथे अनावश्यक आहे, आणि ज्या गुणोत्तराकडे त्याचे लक्ष जात नाही ते अनिवार्य आहे.

जाण्यायेण्याचा परिचित प्रश्न याच नियमाचे विशेष रूप आहे. एकाच रस्त्याने जाऊन परत येणाऱ्या प्रवाशाचा संपूर्ण प्रवासातील सरासरी वेग विचारला असून विधाने अशी असावीत: (१) जातानाचा वेग ताशी ४० किलोमीटर, (२) येतानाचा वेग ताशी ६० किलोमीटर. रस्ता एकच असल्यामुळे अंतरांचे गुणोत्तर १ : १ हे प्रश्नानेच दिलेले आहे. म्हणून दोन्ही विधाने एकत्र घेतली असता पुरतात व सरासरी ताशी ४८ किलोमीटर येते. अंतर अज्ञात आहे व अज्ञातच राहते. उत्तर त्यावर अवलंबून नाही.

४. मापबदलाची कसोटी

अपर्याप्ततेसाठी दोन साक्षीदार लागतात हे वर आले. ते अंदाजाने शोधण्यापेक्षा नियमाने निर्माण करण्याची एक रीत आहे. विधानाशी सुसंगत असा एक प्रवास घ्यावा. त्यातील सर्व अंतरे दुप्पट करावीत, परंतु काल तसेच ठेवावेत. विधान तरीही खरे राहत असेल, तर सरासरी वेग दुप्पट झाला व विधान अबाधित राहिले. म्हणजे दुसरा साक्षीदार आपोआप मिळाला. त्याचप्रमाणे अंतरे तशीच ठेवून सर्व काल दुप्पट केले असता विधान खरे राहत असेल, तर सरासरी निम्मी होते व अपर्याप्तता सिद्ध होते. मात्र अंतरे व काल ही दोन्ही एकाच पटीने वाढविली असता सरासरी वेग बदलत नाही. म्हणून तशा बदलाने विधान खरे राहिले तर त्यापासून काहीही बाध येत नाही. 'एकूण अंतर दिलेले नाही' ही तक्रार बहुतेक वेळा याच निरुपद्रवी मोकळीकीविषयी असते.

उदाहरणार्थ, 'वेग २५ टक्क्यांनी अधिक असता, तर प्रवासास एक तास कमी लागला असता' हे विधान घ्यावे. वेग पाच-चतुर्थांश झाला म्हणजे काल चार-पंचमांश होतो. वाचलेला एक तास हा मूळ कालाचा एक-पंचमांश, म्हणून मूळ काल पाच तास. 'प्रवासास किती काल लागला?' असा प्रश्न असेल तर हे एकच विधान पर्याप्त आहे. 'वेग किती होता?' असा प्रश्न असेल तर तेच विधान अपर्याप्त आहे, कारण त्यात लांबीचे कोणतेही माप नाही. अंतर दुप्पट केले तरी ते जसेच्या तसे खरे राहते. यावरून पर्याप्तता हा विधानाचा स्वतःचा गुण नव्हे, तर विधान व विचारलेली राशी यांमधील संबंध आहे, हे उघड होते.

थांब्यांविषयीचा एक जुना प्रश्न याच प्रकारात मोडतो. थांबे न धरता गाडीचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर व थांबे धरून ताशी ४८ किलोमीटर आहे. तर ती दर तासास सरासरी किती मिनिटे थांबते? तासाभरात काटलेले ४८ किलोमीटर धावण्यास ४८ मिनिटे लागतात, म्हणून थांबण्याची १२ मिनिटे. येथे मार्गाची लांबी अथवा थांब्यांची संख्या यांचा संबंधच येत नाही.

ही कसोटी एकाच दिशेने चालते, हे मात्र विसरू नये. तिच्यात नापास झालेले विधान निश्चितपणे अपर्याप्त. परंतु उत्तीर्ण झालेले विधान पर्याप्त असेलच असे नाही. 'एकूण अंतर २४० किलोमीटर असून त्यातील पहिले निम्मे अंतर ३ तासांत तोडले' या विधानात लांबी व काल या दोहोंची मापे आहेत. अंतर किंवा काल दुप्पट केल्यास ते खोटे ठरते. तथापि उरलेल्या १२० किलोमीटरांस किती काल लागला ते अज्ञात असल्यामुळे सरासरी वेग निश्चित होत नाही. तेथे साक्षीदार वेगळ्या प्रकारे, म्हणजे दुसऱ्या भागाचा काल बदलून, उभे करावे लागतात.

५. समीकरणांची मोजणी

अज्ञातांइतकी समीकरणे असली म्हणजे उत्तर मिळते, हा नियम सोयीचा असला तरी सार्वत्रिक नाही. समान वेगाने केलेल्या एका प्रवासाचा वेग विचारला असून विधाने अशी आहेत: (१) वेग ताशी १० किलोमीटरने अधिक असता, तर एक तास कमी लागला असता, (२) वेग ताशी १० किलोमीटरने कमी असता, तर दीड तास अधिक लागला असता. वेग व आणि काल क मानला, तर अंतर दोन्ही वेळी तेच असल्याने पहिल्या विधानावरून व = १०क − १० आणि दुसऱ्यावरून ३व = २०क + ३० ही समीकरणे येतात. केवळ पहिले विधान धरले, तर ताशी १० किलोमीटर वेगाने २ तास आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने ६ तास हे दोन्ही प्रवास संभवतात. केवळ दुसरे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने ३ तास व ताशी ५० किलोमीटर वेगाने ६ तास हे दोन्ही संभवतात. एकत्र घेतली असता मात्र क = ६ व व = ५० हे एकच उत्तर उरते, आणि मोजणीचा नियम येथे यशस्वी होतो.

आता दुसऱ्या विधानाच्या जागी असे घालावे: 'ताशी वेग दर्शविणारी संख्या प्रवासाच्या तासांच्या दसपटीहून दहाने कमी आहे.' विधाने दोन आहेत, शब्द भिन्न आहेत, परंतु समीकरण तेच आहे. दोन्ही मिळूनही उत्तर निश्चित होत नाही. किंवा असे घालावे: 'वेग दुप्पट असता, तर काल निम्मा लागला असता.' हे विधान प्रत्येक प्रवासाच्या बाबतीत खरेच असते. त्यामुळे शक्यतांच्या संचातून एकही प्रवास गळत नाही व माहिती शून्य. समीकरणे मोजण्यापूर्वी ती परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे पाहणे म्हणूनच क्रमप्राप्त आहे.

उलट दिशेनेही हा नियम फसतो. जाण्यायेण्याच्या प्रश्नात अंतर, दोन वेग व दोन काल अशी पाच अज्ञाते होती, आणि त्यांना बांधणारे संबंध चार होते: प्रत्येक दिशेसाठी अंतर, वेग व काल यांचा एक संबंध, आणि दोन विधाने. अज्ञाते पूर्णपणे निश्चित झाली नाहीत, तरी विचारलेली राशी निश्चित झाली. सर्व अज्ञाते सोडविणे हे पर्याप्ततेचे साध्य नव्हे, आणि जो विद्यार्थी ते साध्य मानतो त्यास अशा प्रश्नात माहिती नेहमीच एकाने कमी वाटते.

६. असमानतेचे प्रश्न

सरासरी वेगाचे मूल्य न विचारता 'तो अमुक मर्यादेहून अधिक आहे काय?' असे विचारले असता प्रश्नाचे स्वरूप पालटते. मूल्य अनिश्चित राहूनही उत्तर निश्चित होऊ शकते. पहिला टप्पा ताशी ४० व दुसरा टप्पा ताशी ६० किलोमीटर वेगाने तोडला असून 'सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरहून अधिक होता काय?' असा प्रश्न आहे. विधाने अशी: (१) दुसऱ्या टप्प्याचे अंतर पहिल्याहून अधिक होते, (२) दुसऱ्या टप्प्यास लागलेला काल पहिल्याहून अधिक होता.

दोन्ही विधाने सकृद्दर्शनी सारखीच भासतात. परंतु ५० हा ४० व ६० यांचा समांतर मध्य आहे, आणि समांतर मध्याचे भार कालाचे असतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यास अधिक काल लागला असेल तर सरासरी निश्चितच ५० हून अधिक; दुसरे विधान एकटे पुरते. अंतरे समान असता सरासरी ४८ येते, म्हणून पहिल्या विधानावरून सरासरी ४८ हून अधिक आहे एवढेच कळते. ती ४९ असू शकेल किंवा ५५ असू शकेल. सरासरी नेमकी ५० येण्यासाठी अंतरांचे गुणोत्तर २ : ३ असावे लागते, आणि 'अधिक' या शब्दाने ते निश्चित होत नाही. पहिले विधान अपर्याप्त. हीच विधाने ठेवून मर्यादा ५० ऐवजी ४८ केली, तर पहिले विधानही पर्याप्त होते. मर्यादा कोणत्या मध्याशी जुळते हे ओळखणे ही या प्रकारातील किल्ली होय.

या ठिकाणी एक प्रसिद्ध कोडे स्मरण्याजोगे आहे. गेस्टाल्ट मानसशास्त्राचे एक प्रवर्तक मॅक्स वर्थायमर यांनी १९३४ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांस पत्राद्वारे ते धाडले होते. एका जुन्या मोटारीस एक मैल टेकडी चढून एक मैल उतरावयाचे आहे. चढताना तिचा सरासरी वेग ताशी १५ मैल आहे. संपूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ३० मैल होण्यास ती कोणत्या वेगाने उतरली पाहिजे? ४५ हे उत्तर जिभेवर येते. पण ताशी ३० मैलांच्या सरासरीने दोन मैलांस एकूण चार मिनिटे मिळतात, आणि ती चारही मिनिटे चढण्यातच संपलेली असतात. उतरण्यास वेळच शिल्लक नाही, हे आपल्याही ध्यानात हिशेब करू लागल्यावरच आले, अशी कबुली आइन्स्टाइन यांनी उत्तरात दिली.

पोल्या यांनी सांगितलेल्या शक्यतांपैकी परस्परविरोधाची शक्यता येथे प्रत्यक्ष दिसते. पर्याप्ततेच्या दृष्टीने या कोड्यातून एक उपयुक्त नियम निघतो. प्रवासाचे पहिले निम्मे अंतर व१ वेगाने तोडले असेल, तर उरलेल्या अर्ध्यावर कितीही वेग ठेवला तरी सरासरी २व१ पर्यंत पोहोचत नाही. म्हणून 'सरासरी वेग ताशी ८० किलोमीटरहून कमी होता काय?' या प्रश्नास 'पहिले निम्मे अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाने तोडले' हे एकच विधान पुरेसे आहे. दुसऱ्या अर्ध्याविषयी अवाक्षरही नसताना उत्तर निश्चित 'होय' येते. 'निम्मे अंतर' याऐवजी 'निम्मा काल' असे शब्द घातले तर मात्र ही मर्यादा नाहीशी होते आणि विधान अपर्याप्त ठरते.

७. अनुक्त अटी

प्रश्नाच्या शब्दांत दडलेल्या अटी पर्याप्ततेचा निर्णय फिरवू शकतात. १२० किलोमीटरचा प्रवास पूर्ण तासांच्या संख्येत संपला, आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून अधिक व ३५ हून कमी होता, असे समजावे. तीन तास लागले असते तर वेग ४० आला असता, पाच लागले असते तर २४. म्हणून तास चार व वेग ३० एवढेच संभवते. वेगाविषयीचे विधान ही केवळ एक असमानता असूनही ते पर्याप्त ठरले. 'पूर्ण तासांच्या संख्येत' हे शब्द गाळले, तर तेच विधान सर्वथा अपर्याप्त होते.

पूर्णांकांची अट शक्यता कमी करते, पण ती एकच शक्यता ठेवील असे नाही, ही गोष्ट भारतीय बीजगणितास प्राचीन काळापासून अवगत आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'बीजगणित' ग्रंथात शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणण्याचा प्रश्न आहे. पक्ष्यांच्या जाती चार, दर चार, आणि अटी मात्र दोन: एकूण पक्षी शंभर व एकूण किंमत शंभर. अशा प्रश्नाची उत्तरे अनेक येतात, व अज्ञातांहून समीकरणे कमी असलेल्या अशा प्रश्नांसाठी त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण योजिले आहे. उत्तर एकच नसणे हा त्या परंपरेत प्रश्नाचा दोष मानला जात नसे. तो प्रश्नाचा एक प्रकार मानला जाई.

सरासरी वेगाच्या प्रश्नात अशा अनुक्त अटी मुख्यतः तीन आढळतात: राशी धन असणे, राशी पूर्णांक असणे, आणि थांब्यांचा काल धरणे अथवा न धरणे. पहिली नेहमीच गृहीत असते. उरलेल्या दोन प्रश्नकर्त्याने स्पष्ट शब्दांत सांगितल्याच पाहिजेत. अन्यथा दोन जाणते परीक्षक एकाच प्रश्नास भिन्न उत्तरे देतील, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

८. परीक्षेपलीकडे

हा विचार केवळ प्रवेशपरीक्षांपुरता मर्यादित असता, तर पदव्युत्तर अध्ययनात त्यास फारसे स्थान नसते. परंतु प्रत्यक्ष निरीक्षणांवर आधारलेल्या संशोधनात नेमका हाच प्रश्न उद्भवतो. रस्त्यावरील एका ठिकाणी उभे राहून, समोरून जाणाऱ्या वाहनांचे वेग नोंदवून त्यांची सरासरी घेतली असता जो मध्य मिळतो, त्यास कालमध्य वेग म्हणावे. रस्त्याच्या एका पट्ट्यावर एका क्षणी असलेल्या सर्व वाहनांच्या वेगांची सरासरी घेतली असता मिळतो तो स्थलमध्य वेग होय. ब्रिटिश संशोधक जे. जी. वॉर्ड्रॉप यांनी १९५२ साली दाखविले की कालमध्य वेग हा स्थलमध्य वेगाहून नेहमी अधिक असतो अथवा त्याच्याइतका असतो, आणि त्यांतील अंतर म्हणजे स्थलमध्याभोवतीच्या विचलनांच्या वर्गांची सरासरी भागिले स्थलमध्य.

एका ठिकाणावरून दर तासास १२० वाहने ताशी ४० किलोमीटर वेगाने व १२० वाहने ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहेत असे समजावे. कालमध्य वेग ५०. परंतु मंद वाहने रस्त्यावर अधिक काळ रेंगाळतात. दर किलोमीटरवर ती तीन आढळतात व जलद वाहने दोन. म्हणून स्थलमध्य वेग ४८ येतो. विचलनांच्या वर्गांची सरासरी ९६ असून तीस ४८ ने भागले असता २ मिळतात, आणि ४८ व २ मिळून ५० हा मेळ बसतो. जाण्यायेण्याच्या प्रश्नातील ४८ व ५० हेच दोन आकडे येथे पुन्हा भेटतात; कारण भार अंतराचे की कालाचे, हाच भेद येथेही आहे.

आता १२० किलोमीटर जाण्यास वाहनांस सरासरी किती काल लागतो, असे विचारावे. निम्म्या वाहनांस तीन तास व निम्म्यांस दोन तास, म्हणून सरासरी अडीच तास. सर्वच वाहने ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असती तर दोन तास चोवीस मिनिटे लागली असती. दोन्ही प्रसंगी नोंदवहीत कालमध्य वेग ५० असाच लिहिला गेला असता. म्हणजे 'कालमध्य वेग ताशी ५० किलोमीटर' हे विधान प्रवासकालाच्या प्रश्नास अपर्याप्त आहे, आणि हे दोन प्रवाह त्या अपर्याप्ततेचे साक्षीदार आहेत. प्रत्येक वेगाच्या व्यस्ताची सरासरी नोंदविली असती तर माहिती पर्याप्त झाली असती.

परीक्षेत अपुरी माहिती ओळखली म्हणजे एक गुण मिळतो. क्षेत्रीय अभ्यासात ती वेळीच ओळखली नाही, तर निरीक्षणांचा हंगाम निघून गेल्यावर नोंदवहीतील सरासरीवरून मूळ आकडे परत मिळविता येत नाहीत. म्हणून निरीक्षणास आरंभ करण्यापूर्वीच तीन गोष्टी क्रमाने ठरवाव्यात. प्रथम, अखेरीस कोणती राशी हवी आहे. नंतर, नियोजित नोंदी केल्यावर कोणती मोकळीक शिल्लक राहील. आणि अखेर, त्या मोकळीकीत राहूनही हवी असलेली राशी भिन्न येईल अशी दोन उदाहरणे रचता येतात काय. ती रचता आली, तर नोंदींच्या तक्त्यात आणखी एक रकाना घालणे त्या वेळी शक्य असते.